काळ्या दोऱ्याची बाटली

घाटावरून माझी बदली रत्नागिरीच्या शाळेत झाली तेव्हा बरोबर एक ट्रंक होती आणि एक बिघडलेले पोट होते. त्या पोटाचे उपकार मानावे तेवढे थोडे, कारण त्याच्यामुळेच वैद्य त्र्यंबकपंत अभ्यंकर, म्हणजे साऱ्या गावाचे अप्पा, यांच्या ओटीवर माझे पाऊल पडले. अप्पांनी आधी नाडी पाहिली, मग जीभ पाहिली. जीभ पाहून म्हणाले, "घाटावरची दिसत्ये. तिखटानं भाजून काढलीत हो मास्तर!" आणि आत हाक मारून तीन लहान वाट्या मागवल्या. तिन्हींत तांबूस-काळा द्रव होता. "चाखा, आणि काय वाटतं ते सांगा."

मी पहिली वाटी चाखली आणि भिडेपोटी म्हणालो, "छान आहे."

"छान हा शब्द आमच्या ओटीवर चालत नाही," अप्पा म्हणाले. "छान म्हणजे तुम्ही चाखलंच नाहीत. कशासारखं लागतं ते बोला."

परीक्षेला बसलेल्या मुलासारखा मी चाचपडत म्हणालो, पहिले आमसुलाच्या पाण्यासारखे, दुसरे खारकेसारखे. तिसरे कशासारखे ते मात्र सांगता येईना. ही तीन निरनिराळी औषधे असावीत अशी माझी समजूत. अप्पा खूश होऊन हसले. तिन्ही वाट्यांत एकच औषध होते, द्राक्षासव. धायटीची फुले तीच, गूळ तोच, वेलची-दालचिनी तीच. फरक फक्त द्राक्षांचा. पहिले नाशिकच्या द्राक्षांचे, दुसरे काबूलच्या मनुकांचे, तिसरे मोगलाईतल्या दौलताबादच्या काळ्या द्राक्षांचे. मग ती द्राक्षे कुठल्या मातीत होतात, वेलाला पाणी किती देतात, मणी केव्हा खुडतात, हे ते इतक्या रंगात येऊन सांगू लागले की माझे पोट दुखते आहे याची आठवण शेवटी मलाच त्यांना करून द्यावी लागली.

आज अप्पांची साठी होत आहे आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या चिकित्सेविषयी, ग्रंथव्यासंगाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी पडलो शाळामास्तर. मी अप्पांच्या जिभेविषयी लिहिणार आहे.

आसव करणारे वैद्य कोकणात पुष्कळ आहेत. बाजारात मिळतील त्या मनुका घ्याव्यात, आतून तूप चोपडलेल्या बरणीत सारा पाक घालावा, तोंडाला मातकापड, म्हणजे चिखलाने लिंपलेले फडके, बांधावे आणि बरणी भाताच्या तुसात महिनाभर पुरून ठेवावी, ही सर्वांची रीत. अप्पांना प्रश्न पडला तो असा की, एकाच कृतीने केलेले आसव एका वर्षी एक बोलते आणि दुसऱ्या वर्षी दुसरे, हे का? हा प्रश्न पडल्यापासून ते प्रत्येक गावच्या द्राक्षांची बरणी वेगळी भरू लागले. नाशिकची द्राक्षे मुंबईहून आगबोटीने येत, आणि बंदरावर उतरेपर्यंत अर्ध्या करंड्यांचा लगदा झालेला असे. वहिनी म्हणत, "ह्यांच्या द्राक्षांना प्रवासातच आसव व्हायची घाई." (वहिनी म्हणजे अप्पांचे कुटुंब. त्यांच्या जिभेविषयी वेगळा ग्रंथ काढावा लागेल.) अप्पांनी एकदा आपल्या नाशिकच्या मेहुण्याला द्राक्षांबरोबर मळ्यातली मूठभर मातीही पाठवायला लिहिले. मेहुण्याला वाटले, काही धार्मिक विधी असेल. त्याने ती हळदकुंकू लावून पाठवली. अप्पांनी हळदकुंकू बाजूला सारले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, मग परसातल्या कातळाची तांबडी माती ठेवली, आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. "काय निघालं?" मी विचारले. "काही नाही," अप्पा म्हणाले. "पण चाखल्याशिवाय काही नाही असं तरी कसं म्हणू?" हे वाक्य मी पुढे किती वर्गांत किती मुलांना ऐकवले असेल त्याला गणती नाही.

दर वैशाखात, आगबोटी बंद व्हायच्या आधी, अप्पांच्या ओटीवर चाखणी होई. मी, निवृत्त शिरस्तेदार बापूसाहेब आणि स्वतः अप्पा, एवढीच मंडळी. सकाळपासून पान-तंबाखू बंद. बापूसाहेबांचा चेहरा त्या दिवशी सुतक असल्यासारखा होई. एका पळीनंतर तोंडात चार कोरड्या लाह्या चघळायच्या, म्हणजे जीभ कोरी होते. सर्वांचे चाखून होईपर्यंत कुणी बोलायचे नाही, आणि कुठली बरणी कुठल्या गावची ते वहिनींखेरीज कुणाला ठाऊक नसायचे. माझ्या भाजलेल्या जिभेला वळण लागायला तीन वैशाख गेले. नाशिकचे आसव हलके, आंबटसर आणि सरळ. काबूलचे भारदस्त, थोडे तुरट. आणि दौलताबादच्या काळ्याचे? त्याला जांभळाचा रंग, जुन्या मधाचा वास आणि घशाखाली उतरल्यावरही मागे रेंगाळणारी अशी एक गोडी होती की बापूसाहेब एकदा तंबाखूचे दुःख विसरून म्हणाले, "अप्पा, हे प्यायला मी आजारी पडायला तयार आहे." त्या वर्षी तिघांनीही एकमुखाने काळ्याला पहिला क्रमांक दिला. पुढच्या वर्षीही तेच झाले. अप्पा लहान मुलासारखे हरखले. मुंबईच्या एका औषधवाल्याचा माणूस खास आगबोटीने येऊन "काळे जेवढे होईल तेवढे आम्हांला द्या" म्हणून गळ घालून गेला.

रोग्यांना बाटल्या देताना अप्पा गळ्याशी दोरा बांधत. नाशिकला पांढरा, काबूलला पिवळा, दौलताबादला काळा. बरोबर करवंटीची घासून गुळगुळीत केलेली एक लहान पळी देत, कारण घरोघरचे चमचे सारखे नसतात आणि कित्येक घरांत ते नसतातच. देवरुखाकडच्या एका डोंगरवाडीतली म्हातारी बरी झाल्यावर ती पळी परत द्यायला चालत आली होती. अप्पांनी ती परत घेतली नाही. म्हणाले, "असू दे आजी, नातवाला तूप वाढा हिनं." आजी त्या पळीला नमस्कार करून गेली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अप्पा तेव्हा आमच्या गावच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष होते. ताडीच्या दुकानांपुढे निरोधन करणाऱ्या स्वयंसेवकांना ते स्वतः ताक पाठवीत. सभेत एखादा खवचट विचारी, "अप्पा, तुमचं आसव म्हणजे दारू नव्हे काय?" अप्पा शांतपणे सांगत, "दारू माणसाला धरते. औषधाला माणूस धरतो, आणि बरा झाला की सोडतो." टाळ्या पडत. मीही वाजवल्या आहेत.

मिरकरवाड्यातला गणू हा मासेमारीच्या मचव्यावरचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, आणि पट्टीचा माणूस. पूर्वी पीत असे. मुलगी झाली तेव्हा देवापुढे शपथ घेऊन दारू सोडली आणि शपथ पाळली. एका वर्षी त्याला लांबलेला ताप आला. ताप उतरला, पण अंगात त्राण राहिले नाही. अप्पांनी त्याला द्राक्षासव सुरू केले. पहिली बाटली पांढऱ्या दोऱ्याची, मग पिवळ्या, मग काळ्या. गणू उठला, मचव्यावर गेला. अप्पांच्या यशाची आणखी एक गोष्ट, असे आम्ही समजून चाललो.

एके दिवशी दुपारी त्याची बायको पार्वती मासळीची पाटी रिकामी करून तशीच ओटीशी आली. आम्ही बसलोच होतो. ती पायरीवर टेकली नाही, उभीच राहिली.

"अप्पानू, घो बरा झाला. तुमच्या हाताला येस हाय. पन दुखना गेला नि बाटली ऱ्हायली. आता तिला औषद काय ता सांगा."

अप्पांना आधी उलगडाच होईना. मग हळूहळू कळले. गणू कधी या, कधी त्या शेजाऱ्याच्या नावाने काळ्या दोऱ्याची बाटली नेववीत होता. ती मिळाली नाही त्या दिवशी तो मचव्यावर जात नसे. दोन दिवसांपूर्वी अशाच एका दिवशी तो ताडीच्या दुकानात जाऊन बसला होता. इतक्या वर्षांची शपथ गेली. मचव्याचा मालक दुसरा तांडेल शोधत होता. "पोरीला कोन बगनार, माका सांगा," ती म्हणाली, आणि मग मात्र पायरीवर बसली.

अप्पांनी अंगरखा चढवला. "मास्तर, चला." आम्ही थेट मिरकरवाड्यात गेलो.

गणू झोपडीपुढे जाळे पसरून बसला होता; जाळ्याला हात लावलेला नव्हता. अप्पांना पाहून तो उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. मला वाटले, आता उपदेश होणार. मंडळाचे अध्यक्ष, दुसरे काय करणार? अप्पा खाली वाळूत बसले, गणूलाही बसवले आणि ओटीवर आम्हांला विचारीत त्याच कुतूहलाने विचारले, "गणू, तू तिन्ही दोऱ्यांचं घेतलंयस. प्रत्येकानं तुला काय केलं, ते सांग मला. रागावत नाही. मला खरंच समजून घ्यायचंय."

गणूने जाळ्याचे टोक हातात घेतले. मग म्हणाला, "पांढऱ्या दोऱ्याचा घेतला नि निजलो. पिवळ्याचा घेतला, भूक लागली, जेवलो. काळ्याचा घेतला," इथे तो थांबला. "काळ्याचा घेतला, नि बाटली कंच्या फळीवर हाय ता बगीत बसलो."

अप्पांनी डोळे मिटले. माती जिभेवर ठेवल्यावर मिटले होते तसेच. उघडले तेव्हा ते गणूला म्हणाले, "मीही बघतो रे."

मी चमकलो. अप्पा बोलत राहिले. "दुपारची पळी घेतो, पोथी उघडतो, आणि वाचता वाचता नजर बरणीकडे जाते. गेल्या वर्षीपासून. मी स्वतःला सांगत होतो की, मी त्या आसवाचा अभ्यास करतोय."

आमच्यामागून आलेली पार्वती दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. गणूने अप्पांकडे इतक्या वेळात पहिल्यांदाच सरळ पाहिले. ते दोघे वाळूत तसे बसलेले पाहून मला अप्पांविषयी जे वाटले ते त्यांच्या कुठल्याही भाषणाने वाटले नव्हते. मोठी माणसे मी पुष्कळ पाहिली. रोग्यापुढे आपली जीभ काढून दाखवणारा वैद्य मी हा एकच पाहिला.

पुढच्या सभेत अप्पांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि कारणही स्पष्ट सांगितले. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. काही मंडळींनी कित्येक महिने ओटीवर येणे सोडले. मुंबईचा औषधवाला रुसला. काळ्याच्या बरण्यांची मातकापडे काढून अप्पांनी त्या उघड्या ठेवल्या. थोड्याच दिवसांत सगळ्याचा आंबट ढाण शिरका झाला. वहिनींनी त्यात हिरव्या मिरच्या घातल्या आणि म्हणाल्या, "दौलताबाद एकदाची कामाला आली."

चाखणी मात्र बंद पडली नाही. तिचा प्रश्न बदलला. "कशासारखं लागतं?" हे अप्पा आजही विचारतात, पण शेवटी विचारतात, "दुसरी पळी मागावीशी वाटते का?" कुणी "हो" म्हटले की ती बरणी बाद. अशा रीतीने गेली काही वर्षे आम्ही अत्यंत विचारपूर्वक बेचव आसवे निवडत आहोत, आणि बापूसाहेबांनी आजारी पडण्याचा बेत रद्द केला आहे. रोगी बरे होतात. मुख्य म्हणजे, बरे झाल्यावर येत नाहीत.

गणू एका दिवसात सुधारला असे लिहिले तर ते खोटे होईल. शिमग्याला घसरला, नारळी पौर्णिमेला पुन्हा घसरला. पण त्या वाळूतल्या दुपारी दोघांचे ठरले होते: इच्छा झाली की एकट्याने बसायचे नाही. रोज सकाळी मचवा परतला की गणू तसाच खाऱ्या अंगाने अप्पांच्या ओटीवर येतो. वहिनी काडेकिराइताच्या काढ्याच्या दोन वाट्या आणून ठेवतात. इतके कडू द्रव्य देवाने दुसरे निर्माण केले नसावे. दोघे ते एका दमात पितात, दोघांची तोंडे वाकडी होतात, आणि मग वाऱ्याच्या, मासळीच्या गप्पा सुरू होतात.

हा प्रसंग लिहू का म्हणून मी अप्पांना विचारले. "लिहा," ते म्हणाले. "मी वाचणार नाही. स्वतःबद्दलचं वाचलं की ते गोड लागायला लागतं."

तेव्हा आणखी एक गोष्ट निर्धास्तपणे सांगून टाकतो. मागे एकदा मी अप्पांना म्हटले, "अप्पा, आता तुमची नजर काही बरणीकडे जात नसेल. काढा कशाला घेता?" अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "माझं केव्हाच सुटलं हो. पण गणूला एकट्याला कडू प्यायला कसं लावू?" त्यानंतर काही दिवसांनी बंदरावर गणू भेटला. त्यालाही मी तेच विचारले. तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, माजा कवाच सुटला. पन अप्पा एकटे पितील काय वो?"

मी याचे त्याला आणि त्याचे याला अजून सांगितलेले नाही. अप्पा हे वाचणार नाहीत, गणूला वाचता येत नाही. आणि वाचकांनो, तुम्हांला विनंती की तुम्हीही तोंड मिटून असावे. अप्पांना भरपूर आयुष्य लाभो, त्यांची जीभ आणि त्यांचे कुतूहल असेच शाबूत राहो, आणि ते शंभरीचे होईपर्यंत रोज सकाळी त्या ओटीवर कडू काढ्याच्या दोन वाट्या भरल्या जावोत.