बदल नाही, तर नोंद नाही
साधना आमच्या ऑफिसात आली तेव्हा ही तीन महिन्यांत कंटाळून पळेल असा माझा अंदाज होता. अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर आमची सहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. तिच्या घरचे बडनेऱ्याकडे शेवंती आणि भाजीपाला पिकवतात. पहाटे फुलं तोडून ही दहाला ऑफिसात हजर, आणि दुपारपर्यंत माझ्या दुप्पट काम उरकलेलं. आज आठ वर्षं झाली. मी किशोर, कागदावर तिचा सीनियर, पण काम तिलाच विचारून करतो.

अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कापसाच्या ढिगांवर लक्ष ठेवायचं काम आमच्याकडे आहे. ओलसर कापूस दाबून राहिला की आतून तापतो, पिवळा पडतो, आणि दुर्लक्ष झालं तर पेटतो. म्हणून आम्ही ढिगांमध्ये तापमान मोजणाऱ्या एकशे वीस लोखंडी कांड्या खुपसल्या. प्रत्येक कांडी दर दहा सेकंदांनी तापमान अमरावतीला पाठवते. म्हणजे दिवसाला दहा लाखांवर नोंदी. त्या आम्ही हजेरीसाठी वापरतो तसल्या साध्या डेटाबेसात कोंबत होतो. जिनिंगचे मालक खुशालराव फोनवर आलेख उघडायचे, चहा पिऊन व्हायचा, तरी आलेख उघडत नसे. मी म्हटलं, मोठं मशीन घ्या. माझं उत्तर नेहमी हेच असतं.

साधनानं मशीन घेतलं नाही. वेळेच्या क्रमानं येणाऱ्या नोंदींसाठीच बनवलेला दुसरा डेटाबेस तिनं निवडला आणि त्याला एक नियम घातला: तापमान बदललं तरच नोंद ठेवायची. दहा लाखांच्या जागी वीस-पंचवीस हजार नोंदी होऊ लागल्या. आलेख बोट लावताच उघडायला लागला. खुशालरावांनी पेढे पाठवले, त्यातले चार मी खाल्ले.

डिसेंबरात करार वाढवायची वेळ आली. किती जागा वाचली हे खुशालरावांना दाखवायला साधना सगळ्यात कमी नोंदी असलेल्या कांड्यांची यादी काढत बसली होती. सदतीस नंबरची कांडी पहिली आली. चार दिवसांत एकही नोंद नाही.

"पाय बरं, ही कांडी किती गुणी हाय," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "किशोरदादा, दिवसा ऊन, राती थंडी. कापसातबी थोडं तरी वरखाली होते. हे चार दिवस काहून हललं नाई?"

कांडी बंद पडली होती. शांत ढीग आणि बंद कांडी, दोन्ही आमच्या डेटाबेसात सारखेच दिसत होते, कारण दोघांचीही नोंद नव्हती. पडद्यावर मात्र शेवटचं तापमान हिरव्या रंगात झळकत होतं.

त्यावर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. म्हटलं, "नियम गुपचूप बदलू, उद्या माणूस पाठवून बॅटरी टाकू. करार होऊन जाऊ दे. कोनाले काय समजते?"

"अन् ढीग पेटला तर?" असं म्हणून तिनं सरळ खुशालरावांना फोन लावला. सदतीस नंबरचा ढीग आत्ताच्या आत्ता उघडा, चूक माझी आहे, मी निघते. दर्यापूरमार्गे जाणारी एसटी तिनं पकडली. मीही निमूटपणे मागे चढलो.

आम्ही पोचलो तेव्हा ढीग अर्धा उपसला होता आणि आतून वाफ निघत होती. मधला कापूस तपकिरी झाला होता. आग लागली नव्हती एवढंच.

"उपटा तुमच्या कांड्या अन् चालते व्हा!" खुशालराव ओरडले. कांडी बनवणाऱ्या कंपनीवर खापर फोडायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात साधना म्हणाली, "काका, कांडी कुनाचीबी बंद पडते. ते मले दिसलं नाई, कारन नियम मी केला होता."

ढीग उपसणाऱ्यांत जमुनाबाई होत्या, जिनिंगमधल्या सगळ्यात जुन्या कामगार. त्या साधनाला म्हणाल्या, "मी पयले दिवसातून तीनदा ढिगात खांद्यापावतर हात घालो. गरम लागलं का सांगो. मंग तुमच्या फोनात हिरवं दिसे, तं मालक म्हने, आता काय गरज? म्हून सोडलं." बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. साधना सगळ्यांसमोर रडली.

मग डोळे पुसून तिनं खुशालरावांकडे एक महिना मागून घेतला. त्यांनी कुरकुरत दिला. आता काही बदललं नाही तरी प्रत्येक कांडी दर पाच मिनिटांनी आपण चालू असल्याचं कळवते, आणि ते आलं नाही की पडदा लाल होतो. शिवाय जमुनाबाई पुन्हा हात घालू लागल्या. दिवसातून तीनदा फोनवर एक बटण दाबायचं: थंड, कोमट किंवा गरम. आकड्यांच्या रकान्यात शब्द कसे बसवणार, म्हणून मी वाद घातला. साधनानं त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला, आणि नोंद चुकली की लाल होण्याचा नियम त्यांनाही लावला. महिना संपला, करार टिकला.

जानेवारीत साधना बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होती. सकाळी जमुनाबाईंचं नाव लाल झालं. कांड्या चालू आहेत, बाई विसरली असेल, म्हणून मी सोडून दिलं. दुपारचीही नोंद आली नाही तेव्हा फोन लावला.

"रातीपासून ताप हाय, भाऊ. उठनंच होत नाई." आवाज अगदी खोल गेला होता. "मी एकटीच रायतो. जिनातून कोनी इचारलं नाई अजून. तुमाले तिकडं अमरावतीत कसं समजलं?"

"तुमची नोंद आली नाही," मी म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, त्यांना काही कळलं नसतं. पण राहवलं नाही. "सकाळीच समजलं होतं, जमुनाबाई. फोन मी आत्ता केला. चूक माझी."



"केला ना पन," त्या म्हणाल्या. "थांबा, फोन ठेवू नका. गोळी घेतो."