एकट्याच्या कुकरचे चार व्हिडिओ

आमच्या ऑफिसात एका व्हिडिओचे चार होतात, त्यामुळे किस्सेही त्याच पटीत वाढतात. बेळ्ळंदूरमधली सहा जणांची छोटी जाहिरात कंपनी आमची. शूटिंग आडवं करायचं आणि त्यातून एक रील, एक शॉर्ट, एक फॅमिली ग्रुपवर फिरणारं स्टेटस आणि एक नोकरीवाल्यांच्या साइटसाठी, असे चार काढायचे. पहिले तीन उभे, चौथा आडवा. उभा करायचा म्हणजे दोन्ही बाजू कापायच्या. ते काम माझं. मिरजेत सगळ्यांना वाटतं, गौरी बंगळूरमध्ये कॉम्प्युटरवर काहीतरी मोठं करते. मी दिवसभर कडा कापते!

* * *

आमचे रघू सर इथलेच, कन्नड. ऑफिसात हिंदी बोलतात. त्यांचा सिद्धांत असा, "रील पे लोग शादी में आते हैं, नौकरीवाली साइट पे इंटरव्ह्यू में. कपडे अलग पहनाओ!"

मजकूर लिहितो पराग, नागपूरचा. एकदा इडलीच्या पिठाच्या व्हिडिओला त्यानं कपडे उलटे घातले. "आई, मी जेवले गं, काळजी करू नकोस" हे गेलं नोकरीवाल्यांच्या साइटवर. खाली मोठमोठ्या मॅनेजरांच्या कॉमेंट्स, "काँग्रॅच्युलेशन्स! वेल डिझर्व्ड!"

पराग म्हणाला, "पाहून कोण राहिलं बे! सगळे नुसतं अभिनंदन करून राहिले!"

* * *

मग आलं एकट्या माणसासाठीच्या कुकरचं काम. वाटीभर भात, वाटीभर वरण, झालं. हा कोण विकत घेणार, याची मीटिंग बसली. रघू सर फळ्यावर लिहायला लागले. वय तिशीच्या आसपास. घर लांब. एकटी राहते. ओट्याशी उभ्यानंच जेवते. रविवारी घरी फोन.

मी वहीत उतरवून घेत होते. तिसऱ्या ओळीला माझं पेन थांबलं. वर पाहिलं तर सगळे माझ्याकडेच बघत होते.

"अरे, ये तो अपनी गौरी है!" सर खूश झाले. "सूपर! सेट लगाना ही नहीं पडेगा!"

सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

* * *

शूटिंग माझ्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर झालं. स्वयंपाक करायला ऑफिसातली लक्ष्मीअक्का आली होती. अक्का निपाणीची, त्यामुळे तिच्याशी मराठी बोलता येतं. कॅमेऱ्यात मी म्हणजे फक्त माझे हात, बाकी कुकर आणि मागे माझं घर.

काम संपल्यावर जेवायला बसायचं म्हणून अक्का ओट्यावर शोधाशोध करायला लागली. "स्वल्प थांब गं. दुसरं ताट कुठं हाय?"

"एकच आहे, अक्का."

"दोन वरसं झाली न्हवं तुला हितं?"

अक्का कढईवरच्या झाकणात जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून एक स्टीलचं ताट आणलं आणि माझ्या टेबलावर की-बोर्डशेजारी ठेवलं. मला भरून आलं. परागला वाटलं, कुकरवर फ्री मिळालं!

* * *

आता एक कबुली द्यायला हवी. बाबांना मी सांगून ठेवलं होतं की माझ्यासोबत दोन मुली राहतात, पूजा आणि रितू. आई गेल्यावर बाबांना काळजी नको म्हणून सांगितलं आणि मग त्या दोघी वाढतच गेल्या. पूजाला सर्दी होते, रितू भात जास्त लावते. बाबा दर रविवारी आठवणीनं विचारायचे, "पूजाची सर्दी कशी आहे?" कधीकधी मलाही त्यांची काळजी वाटायची!

बाबांच्या बाबतीत माझा जीव निवांत होता तो एवढ्यासाठीच, की आत्या त्यांच्यासोबत राहायला आली होती. व्हिडिओ कॉलवर ती दिसायची नाही. "देवळात गेलीय," नाहीतर, "आत पडलीय जरा," असं बाबा सांगायचे. स्वयंपाकघरातली एक खुर्चीही तिची झाली होती म्हणे. फोन उभा धरलेला, त्यात फक्त त्यांचा चेहरा.

* * *

कुकरचा व्हिडिओ सुटला. प्रेक्षक कितव्या सेकंदाला पळाले, याचा आलेख येतो. रघू सरांनी चौथ्या सेकंदावर बोट ठेवलं. तिथे मांडणीवर माझं एकुलतं एक ताट दिसत होतं.

"अकेली प्लेट देख के लोग भाग रहे हैं. काटो!"

कापलं. तिन्ही उभ्यांतून ताट गेलं. आडव्याला कुणी हात लावला नाही, कारण पराग म्हणाला तसं, तिथे पाहतं कोण?

बाबांना मी रील पाठवली, माझ्याच घरी काढलीय असं सांगून. छान दिसते म्हणाले.

* * *

आणि हा शेवटचा किस्सा.

बाबांची सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली. आधी चारही हद्दी बघायच्या, मग बोलायचं, अशी सवय. बोलता बोलता मी कधीतरी सांगितलं होतं की एका व्हिडिओचे चार करतो. त्यांनी उरलेले तीन शोधून काढले. नोकरीवाल्यांच्या साइटवर त्यांचं खातं निवृत्तीनंतर मीच उघडून दिलं होतं, वेळ जावा म्हणून.

पुढच्या रविवारी फोनवर म्हणाले, "आडवा पण बघितला."

मांडणीवर एक ताट, एक कप. खुर्ची एक. दाराशी चपलांचा एकच जोड. मी स्वतःच तर फ्रेम लावली होती.

"बरा झालाय?" मी विचारलं.

"बरा झालाय." मग दर रविवारचंच, "पूजाची सर्दी?"

"बरी आहे."

"बरं. ठेवतो."

दिवसभर मला काही सुचलं नाही. परत फोन करावा, सगळं सांगून टाकावं, असं दहादा वाटलं. संध्याकाळी त्यांचाच व्हिडिओ आला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाठवलेला. फोन आडवा धरलेला.

मिरजेचं आमचं स्वयंपाकघर. मांडणीवर एक ताट, एक कप. आत्याच्या खुर्चीवर बसायच्या जागेपासून पाठीपर्यंत रचलेली रद्दी. कॅमेरा हळूहळू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, दारापाशी एका चपलांच्या जोडावर थांबला, आणि मागून बाबांचा आवाज आला, "सगळं येतंय ना गं यात?"