फाटायला हवी अशी शिलाई

बॅटरीची तार काढली की उस्ताद गाडीच्या दाराला स्टूल टेकवून त्यावर बसायचे. दार उघडायला वाटच ठेवायचे नाहीत.

"आता हिला निवू द्या."

गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. "अहो, तार तर काढली ना?"

"तार काढली म्हंजी मेली न्हाई, मियाँ. आत अजून करंट हाय. सबर करा."

तुम्ही नांदेडात कधी गाडी दुरुस्तीला टाकली असेल, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे उस्ताद एअरबॅगचं आणि सीटबेल्टचं काम करायचे. त्याच शेडमध्ये मी सीटकव्हरं शिवायचो.

काढलेली एअरबॅग ते दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून न्यायचे, तोंड बाहेरच्या बाजूला. टेबलावर ठेवायची तर तोंड वर. "उलटी ठेवली आन् फुटली, तर तीच पत्र्याला जाऊन आदळंल." एअरबॅगच्या पिवळ्या तारेला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचे, अंगातली वीज उतरावी म्हणून. शेजारचा फिटर चिडवायचा, "उस्ताद, गाडीला बी सलाम?"

"सलाम घेतला तर बरं, न्हाईतर लाथ मारती."

एकजण म्हणाला, बेल्ट लावला नाही की लई वाजतं, तेवढं बंद करून द्या. उस्तादांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्र्यालाच हाकलता व्हय?"

माझी शाळा सातवीत सुटली. भूकंपात घर पडलं. गावात सगळ्यात जाड भिंती आमच्या होत्या, बाप ते अभिमानानं सांगायचा. त्या भिंतींखालून मी एकटाच निघालो. पुढं कुठंकुठं मशीनवर बसलो आणि तिशी उलटल्यावर नांदेडला आलो. पहिल्या दिवशी उस्तादांनी विचारलं, "घरी कोण कोण?"

"कुणी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा मोठा झाला.

शिवणाऱ्याला म्हणतात तसं ते मला 'मास्तर' म्हणायचे. मला ते टोचायचं. इंग्रजी वाचता येत नाही हे कुणाला कळलं तर, ही भीती रोजची होती.

लोहा गावाकडच्या एका शेठची नवी गाडी आली. पुढच्या सीटच्या कडेला बोटभर कापडी चिठ्ठी शिवलेली होती, वर इंग्रजी अक्षरं. कंपनीचं लेबल असेल म्हणून मी ती कापून टाकली आणि वरून रेक्झिन ताणून बसवलं. दुहेरी नायलॉनचा दोरा. शेठ खूश. "मास्तर, हत्तीनं वढली तरी उसवायची न्हाई!"

दुसऱ्या दिवशी झाडताना ती चिठ्ठी उस्तादांना सापडली.

"ही कुठल्या गाडीची?"

मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं.

"मास्तर, ह्या सीटच्या कडंत एअरबॅग असती. बाजूनं ठोकर बसली की कड फाडून भाईर येती. तिथली शिलाई फाटायलाच पायजे. तुझी फाटणार न्हाई." मग हळू आवाजात, "वाचता येत न्हाई ना?"

मी मान हलवली. आता कामावरून काढतील, एवढंच मनात आलं. त्या सीटवर कोण बसणार, हे नंतर आलं.

उस्तादांनी शेठला फोन लावून सीटचं सांगितलं. शेठ लातूरला पोचले होते. त्यांची मुलगी तिथं डॉक्टरकीच्या क्लासला होती, सुट्टी लागली म्हणून तिला न्यायला गेले होते. "संध्याकाळी पोरीला घिऊन निघून राहिलो. पुढल्या आठवड्यात बघू," म्हणाले. उस्तादांनी हॉस्टेलचा पत्ता तेवढा विचारून घेतला. अर्ध्या तासात आम्ही एसटीत होतो.

लातुरात त्या रस्त्यावर जिकडंतिकडं पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, त्याखाली मार्क. सगळं शहर शिकायला आलेलं. मी खिशात ब्लेड घेऊन चाललो होतो.

गाडी हॉस्टेलसमोर होती, मुलगी पुढच्या सीटवर बसलेली. "बेटी, जरा उतर," उस्ताद म्हणाले. त्यांनी बॅटरीची तार काढली आणि भर रस्त्यात थांबून राहिले. शेठ ओरडत होते. मुलगी पायरीवर बसून पुटपुटत पाठांतर करत होती.

"चूक कुणाची ते तर सांगा!"

मी तोंड उघडलं.

"माझी," उस्ताद म्हणाले. "चिठ्ठी मीच कापली. झाकून टाक म्हणून ह्याला मीच सांगितलं."

"वय झालं तुमचं. चष्मा बदला."

"हाव," उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी मला खूण केली. मी शिलाई उसवली, कड मोकळी केली. उस्तादांनी तार परत जोडली. मुलगी त्याच सीटवर बसली, तिनं बेल्ट लावला आणि ते गेले.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "उस्ताद, मी..."

"झोप जरा."

शेठनं ही गोष्ट गावभर केली. म्हाताऱ्याची नजर गेली, असं लोक बोलायला लागले. एअरबॅगच्या गाड्या दुसरीकडं जाऊ लागल्या. उस्तादांचा मुलगा शेडवर येऊन म्हणाला, "अब्बा, आता तुम्ही नुसतं बसा. ह्या कामाला हात लावू नका." उस्ताद बसले. मी शेजारीच शिवत होतो. मी बोललो नाही. वर्ष गेलं, तरी बोललो नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी गेलो आणि मुलाला म्हणालो, "शेठच्या गाडीची ती चिठ्ठी मी कापली होती. मला वाचता येत नव्हतं."

त्यानं मान हलवली. "न्हाई भाई. अब्बांनी घरी बी सांगितलं होतं. चूक त्यांचीच होती."

"मीच होतो."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुःखात माणूस असंच बोलतं," म्हणाला आणि आतून पाणी मागवलं.

मी पाणी प्यायलो. उस्तादांच्या चपला अजून दाराशीच होत्या. माणसं येत होती. कुणीतरी त्या पायानं भिंतीकडं सरकवल्या, येणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून.