पावणेसात हात

माझी उंची सहा फूट दोन इंच. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, पण कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मला घेतलं ते तेवढ्यावरच. खेळ यायचा तो दादाला, माझ्या चुलतभावाला. तो जेमतेम माझ्या खांद्याला लागायचा.

आम्ही दोघं चिंचवडहून सायकलनं पुण्याला कॉलेजात जायचो. दादाला संघात जायचंच होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. देहूरोडच्या एका जवानाकडून त्यानं जुना चेंडू मिळवला. चेंडू टाकायची कडी जमिनीपासून दहा फूट हवी, असं जवानानं सांगितलं. घरी मोजपट्टी कुठली? विहिरीचा दोर असो की गोठ्याची भिंत, आमच्याकडे सगळं हातानं मोजायचे. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, म्हणजे दीड फूट. दहा फुटांचे पावणेसात हात, हा हिशेब मीच मांडला.

"तूच मोज," दादा म्हणाला. "माझा हात तोकडा हाय."

मी दोर मोजून घेतला, तेवढ्या उंचीवर चिंचेला फळी ठोकली, फळीला पिंपाची कडी. वर्षभर दादा रोज सकाळी चेंडू टाकायचा आणि मी तो आणून द्यायचो. पुढे पुढे त्याचा नेम क्वचितच चुकायचा.

निवडीच्या दिवशी त्याचा एकही चेंडू पडला नाही. सगळे कडीवरून जाऊन फळीवर आपटले. तो आपल्या हातांकडेच बघत राहिला. मी कडीखाली जाऊन उडी मारली आणि चार चेंडू नुसते आत लोटले.

"हा उंच माणसांचा खेळ आहे, बाळ," खेळाचे सर त्याला म्हणाले.

दादानं कॉलेज सोडलं आणि पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला. थंडीत मी मैदान आखायची मोजपट्टी घरी आणली. सहज म्हणून चिंचेला लावली. कडी अकरा फुटांवर होती. माझा हात इतरांपेक्षा लांब, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पट्टी गुंडाळली आणि कडी उतरवली. तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"कडी का काढली रं?" दादानं संध्याकाळी विचारलं.

"गंजली होती."

"बरं केलंस," तो म्हणाला.

परवा त्याची नात आली होती. कॉलेजच्या संघासाठी निवड आहे म्हणाली. दादानं तिला दारापाशी उभं करून वरखाली पाहिलं.

"माझ्यावर गेलीयस पोरी. उंची न्हाई. नाद सोड."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही तर संघात होता ना, आजोबा. उंची लागतेच का हो?"

दादा माझ्याकडे बघत होता. साठ वर्षं जपलेलं ते एकच कारण होतं त्याच्याकडे.

"लागते," मी म्हणालो.