ओल्या मासळीसारखे विकलेले शेअर

नरपडच्या देवकीला बाजार शिकवायच्या भानगडीत कोणी पडू नये. डहाणूच्या मासळीबाजारात तिची तीस वर्षं गेली. दुपार कलली की ओली मासळी नरम पडते. मग मिळेल त्या भावात टोपली रिकामी करायची, हा तिचा कायदा. त्याच कायद्याने तिने नवऱ्याला शेअर विकायला लावले.

नवरा भीमा. बोटीच्या कमाईतून त्याने थोडे थोडे शेअर घेतलेले, तेही देवकीच्याच नावावर. लॉकडाऊनच्या वर्षी बाजार कोसळला, टीव्ही लालेलाल झाला. देवकीने तीन दिवस त्याचं डोकं खाल्लं.

"अहो, नासायच्या आत काढा!"

"थांबू या गं जरा."

"थांबा, आणि वास सुटू द्या घरभर!"

त्याने विकले. वर्ष सरायच्या आत तेच शेअर दुपटीवर गेले. भीमा शिव्या देता तर बरं झालं असतं. पण टीव्हीवर भाव सरकू लागले की जेवता जेवता त्याचा हात थांबायचा. पुढे त्याने शितलच्या, म्हणजे लेकीच्या, नर्सिंगसाठी पुन्हा थोडे शेअर घेतले, आणि दोन वर्षांनी तो गेला.

थांबलेला हात मात्र गेला नाही. देवकी जेवायला बसली की समोर दिसायचा, भाताचा घास धरलेला.

पंचवीस सालच्या एप्रिलात एका सोमवारी बाजार पुन्हा आपटला. शितलची फी तीन महिन्यांवर आलेली. देवकी टोपली घेऊन तशीच शेअरवाल्या धर्मेशभाईच्या दुकानात शिरली. बोटवाला पांड्या तांडेल तिथे आधीच ओरडत होता, "काढ माझे सगळे, आत्ताच्या आत्ता!"

"देवकीबेन, तुमचे पण काढू?"

'हो' तिच्या ओठावर होतं. तेवढ्यात धर्मेशच्या टेबलावर तिला भीमाचा तो थांबलेला हात दिसला.

"हे सडतात का हो?"

"कंपनी बुडाली तर सडतील. तुमच्या कंपन्या तशा नाहीत. पण उद्या अजून पडतील हां."

"पडू दे. त्यांना थांबायचं होतं."

"कोणाला?"

ती टोपली उचलून निघाली. पुढचे कितीतरी दिवस तिला कोणी हाक मारली तरी ती दचकायची, शेअर बुडाले की काय म्हणून. मग भाव हळूहळू चढले. जुलैत थोडे शेअर विकून फी भरली, तरी निम्म्याहून जास्त उरले.

धर्मेश शाकाहारी बायकोला न सांगता देवकीकडे सुके बोंबील न्यायला आला. खुशीत होता.

"बघा, बसून राहिलात म्हणून! यंदा बरोबर केलंत."

देवकी हसली, दोन बोंबील वरती घातले. आजवर तिला म्हणता येत होतं, लॉकडाऊनच्या वेळी कोणाला काय ठाऊक होतं? तेवढाच आडोसा होता तिला. यंदा न विकता थांबून तिनेच तो मोडला.

"धर्मेशभाई, मग तेव्हाही नुसतं बसता आलं असतं ना हो?"

धर्मेशला खोटं बोलता येत नसे. तो पिशवीला गाठ मारत राहिला.