चोवीस अंशांचा आदेश

त्या उन्हाळ्यात प्राचार्यांना लिहिलेले माझे पत्र अडीच पानांचे होते. नांदेडच्या उन्हात वर्गांतले पंखे बंद पडत असताना कार्यालयातील एसी अठरा अंशांवर चालतो, यास कोणत्या नियमाचा आधार आहे, असा माझा प्रश्न होता. उत्तर आले नाही. मी दोन स्मरणपत्रे पाठवली आणि दुसऱ्यासोबत आदेशाचा मसुदाच जोडला: ‘इमारतीतील सर्व शीतयंत्रे चोवीस अंशांवर ठेवावीत. यास अपवाद केला जाणार नाही.’ शेवटचे वाक्य लिहिताना मला विशेष समाधान वाटले होते. तो आदेश काना-मात्रेचाही फरक न करता निघाला.

जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्तीला वर्ष उरले होते आणि पीएच.डी.ची एकच विद्यार्थिनी होती, निलंग्याकडची. तिच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांचे दात तपकिरी पडतात. काही जिवाणू मात्र तसल्या पाण्यात तगतात, कारण त्यांच्या पेशीच्या आवरणात बसलेले एक प्रथिन फ्लोराइड बाहेर टाकते. ते किती वेगाने टाकते, हे तिला मोजायचे होते. त्यासाठी प्रथिन भरपूर हवे, म्हणून त्याचे जनुक तिने ई. कोलाय या जिवाणूत घातले होते.

असले प्रथिन जिवाणूकडून करून घेणे हा छळ आहे. घाई झाली की तो ते आवरणात बसवत नाही, त्याचा निरुपयोगी गोळा करून टाकतो. सदतीस अंशांवर गोळा, तिसावर गोळा, पंचविसावरही गोळा. अठरा अंशांवर रात्रभर संथ ठेवले तरच तो ऐकतो, हे कळायला तिला दीड वर्ष लागले. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने मोजणीच्या यंत्रावर तिला शुक्रवार दिला होता. पुढची पाळी सहा महिन्यांनी. प्रबंधाची मुदत त्याआधीच संपत होती.

सोमवारी सकाळी ती शेकरपुढे उभी होती. जिवाणूंचे फ्लास्क ठरावीक तापमानाला हलवत ठेवणारे हे यंत्र. त्यावर आकडा होता चोवीस. दुपारी नमुना तपासला. गोळा!

“म्या केलं,” शिपाईमामा म्हणाले. “अठरा दिसलं, चोवीस केलं. आदेश हाय.”

“मामा, हा काय एसी आहे?”

“‘सर्व शीतयंत्रे’ लिव्हलंय, सर. हे थंड करून राहिलं का न्हाई?”

त्यांनी लावलेल्या अर्थात मला एकही दोष काढता येईना, याचाच मला अधिक संताप आला.

“सर,” विद्यार्थिनी म्हणाली, “आता कुणावर चिडायचं, तेवढं सांगा.”

तिने त्याच संध्याकाळी शीतपेटीतल्या साठ्यातून नवी सुरुवात केली. मंगळवारची रात्र अठरा अंशांवर गेली, तर गुरुवारची गाडी गाठता येणार होती. मी सवलतीचा अर्ज केला. मंगळवारी दुपारी तो शेऱ्यासह परत आला: ‘आदेशात अपवादाची तरतूद नाही.’

“लेखी आणा सर, लगेच करतो,” मामा म्हणाले. “तोंडी चालत न्हाई, हे तुमचंच शिकवणं.”

संध्याकाळी मी स्वतःच्या बोटाने अठरा केले आणि शेकरला पाठ लावून खुर्ची टाकली. सकाळी मामांनी चहा आणला, आकडा पाहिला. “इचारलं तर सांगावं लागंल, सर.”

“सांगा.”

त्यांनी सांगितले.

गुरुवारी ती थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि हवे होते त्याच्या निम्मे प्रथिन घेऊन गेली. शुक्रवारी तिचा फोन आला. प्रथिन फ्लोराइड बाहेर टाकत होते. पण माल एकाच मोजणीपुरता निघाला, आणि परीक्षक एका मोजणीवर समाधान मानतील याची खात्री नाही. मी ‘बरं’ म्हणालो.

टेबलावर ‘कारणे दाखवा’ नोटीस होती. तीत माझेच वाक्य अवतरणचिन्हांत उद्धृत केले होते. त्याखाली मी ‘मान्य’ एवढेच लिहून सही केली आणि ते वाक्य आदेशातून वगळावे, असा चार पानी अर्ज लिहायला घेतला.