टाकीतले विरजण

लोकपरंपरेच्या अभ्यासकाला किस्से गोळा करत गावोगाव हिंडावे लागते, असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. कोथरूडच्या माझ्या मित्राने द्राक्षबाग घेतली आणि किस्से आपण होऊन माझ्या वहीत येऊन बसले!

माधव रसायन अभियंता. नोकरी सोडून तो पुण्यापासून दीड तासावर वाइन करू लागला. नेम कडक : बागेत रासायनिक खत नाही, वाइनमध्ये विकतचे यीस्ट नाही, गाळणेही नाही. "सालीवर असतं तेवढं यीस्ट पुरतं," हे त्याचे म्हणणे. ते खरे करून दाखवण्यासाठी त्याने सगळे पणाला लावले होते.

*

आश्विनात गाईच्या शिंगात शेण भरून पुरायचे आणि चैत्रात उकरायचे, हा माधवच्या बायोडायनॅमिक शेतीतला एक विधी; ही पद्धत शंभर वर्षांपूर्वी एका युरोपीय तत्त्वज्ञाने सांगितलेली. आम्ही शिंगे पुरत असताना शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला. माधवने त्याला चंद्रकलांपासून सूक्ष्मजीवांपर्यंत सगळे समजावले.

"देवरुषी कुठला?" त्याने विचारले.

"ऑस्ट्रियाचा," माधव म्हणाला.

"लई लांबचा हाय. म्हंजे गुण येणार!"

*

पहिली बाटली कोथरूडला, माधवच्या घरी उघडली. शेजारच्या नेनेकाकांनी पेला उजेडात धरला.

"माधवा, हे गढूळ आहे."

"गाळलेली नाही, काका."

"ते दिसतंच आहे. विसरलास की कंटाळलास?"

दुसरा पेला मात्र त्यांनी स्वतःच भरून घेतला. "एका पेल्यावरून मत देणं योग्य नव्हे!"

*

कोणते काम कोणत्या तिथीला करावे, हे सांगणारे ॲप माधवच्या मोबाइलमध्ये आहे. एकदा त्याने बागेच्या मुकादम पारूबाईंना ते दाखवले. "आज छाटणीला उत्तम दिवस आहे."

"आज आवस हाय. बाया येणार न्हाईत."

छाटणी दुसऱ्या दिवशी झाली. ॲपनेही पुढे काही तक्रार केली नाही.

*

गेल्या हंगामात नेनेकाका उत्साहाने तोडणीला आले. आम्ही बागेत होतो, तोवर त्यांनी क्रेटमधली सगळी द्राक्षे तीन पाण्यांनी धुऊन काढली. "लोक पिणार आहेत, माधवा!"

सालीवरचे यीस्ट पाण्याबरोबर वाहून गेले. रस टाकीत भरला. पण दोन दिवस झाले तरी एक बुडबुडा नाही. वर्षाचा सगळा माल त्या एका टाकीत होता. माधवच्या पत्नी सुनंदाताई, त्यांनी नवऱ्यासमोर विकतच्या यीस्टचे पाकीट ठेवले.

"अहो, फोडा आता. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

पारूबाईंनी टाकीचा वास घेतला. "इरजान न्हाय व्हय घातलं?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी वेलीवर राहिलेले घड तोडले, न धुता मडक्यात कुस्करले आणि वर फडके बांधले. दोन दिवसांत मडके फसफसले, ते टाकीत ओतले. दुसऱ्या सकाळी माधव टाकीला कान लावून उभा होता आणि हसत होता.

नेनेकाकांनी हळूच विचारले, "बाई, कुस्करण्यापूर्वी हात तरी धुतले होते ना?"

"तुमी धुतलं तेवढं बास झालं की!"

या कृतीला माधवच्या ग्रंथांत परदेशी नाव आहे. मी वहीत 'विरजण' असेच नोंदवले. आता टाकीशेजारच्या मडक्यावरही खडूने तेच लिहिलेले असते.

*

यंदा ऐन हंगामात फ्रान्सचे एक गृहस्थ बागेत आले. पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणारे घराणे. त्यांनी गेल्या वर्षीच्या त्या गढूळ वाइनचा पेला बराच वेळ हातात धरला, संपवला आणि पुन्हा पुढे केला. मग विचारले, "यीस्ट कोणतं?"

माधवने पारूबाईंकडे बोट दाखवले. पारूबाईंनी मडक्यावरचे फडके उचलले. पाहुणे वाकले, वास घेतला आणि थोडेसे अभ्यासासाठी मिळेल का, असे अदबीने विचारले. माधवने भाषांतर केले.

पारूबाईंनी मावळतीकडे पाहिले आणि फडके पुन्हा बांधले.

"दिवेलागणीला इरजान घराबाहेर देत न्हाईत. सकाळी या म्हनावं."

माधवने तेही भाषांतर केले.

सकाळी सात वाजता पुण्याहून गाडी आली. पाहुणे उतरले. त्यांच्या हातात हॉटेलातली वाटी होती.